नीट क्लासची १८ लाखांची ऑफर, अनुदानित कॉलेजची नोकरी सोडू का?

ऐरोलीच्या एका मॅडमचा मेसेज आलाय. ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवतात, वय ३९. ठाण्यातल्या एका नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) क्लासने वर्षाला १८ लाखांची ऑफर दिलीय, जूनपासून जॉईन व्हा म्हणतात, आणि विचारतायत की राजीनामा देऊ का. नाव देत नाही, आकडे त्यांच्या परवानगीने देतोय कारण याच पेचात असलेले अजून बरेच शिक्षक असणार.

मॅडम, तुमचा प्रवास वाचला आणि आधी तेच बोलावंसं वाटतं. एमएस्सीनंतर रबाळ्याला फार्मा कंपनीच्या मायक्रो लॅबमध्ये पाच-सहा वर्षं, मग ती नोकरी सोडून २०१५ ते १७ दोन वर्षांचं बीएड, त्यात घरात एक रुपया येत नव्हता, मग दोन वर्षं तासिका तत्त्वावर, आणि २०१९ ला शिक्षण सेवक म्हणून लागलात ते महिना ९ हजारावर. ते मानधन २० हजार झालं २०२३ पासून, तोवर तुमची शिक्षण सेवकाची तीन वर्षं संपून गेली होती. म्हणजे पूर्ण पगार हातात पडला तो २०२२ ला, पस्तिशीत. तुमच्या बरोबरीचे लोक तोपर्यंत दहा-बारा वर्षं गुंतवणूक करून बसलेत, त्यामुळे १८ लाख ऐकून जीव वर-खाली होणं अगदी साहजिक आहे, मी तुमच्या जागी असतो तर मलाही झोप लागली नसती.

आता आकडे. ऑफर लेटरचा फोटो तुम्ही पाठवलात ते फार बरं केलं. १८ पैकी फिक्स १२ लाख, उरलेले ६ लाख बॅचच्या ॲडमिशन आणि रिझल्टवर. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, कन्सल्टंट म्हणून घेणार आणि टीडीएस कापून पैसे देणार. तर फिक्स धरा महिना १ लाख. आज तुमच्या हातात येतात साधारण ८६ हजार, त्याआधी तुमचेच ८ हजार एनपीएसमध्ये (पगारातून कापून होणारी पेन्शनची बचत) जातात, आणि सरकार मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्के घालतं ते जवळजवळ ११ हजार, जे तुमच्या हिशोबात कुठेच नव्हते. बेरीज करा, १ लाख ५ हजार. म्हणजे क्लासचा खात्रीचा आकडा आजच्यापेक्षा कमी निघाला! सगळे ६ लाख मिळालेच तरी १८ लाखांवर नव्या टॅक्स रेजीमने खर्च वजा न धरता १ लाख ६६ हजार टॅक्स, म्हणजे महिन्याला पडले १ लाख ३६ हजार. फरक ३१ हजारांचा, तोही रिझल्ट लागल्यावर, आणि त्यातून मेडिक्लेमचा हप्ता तुमचाच. शिवाय सुट्टीच्या दिवसात दुसरीकडे क्रॅश कोर्स घेऊन वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे गेली की १८ टक्के जीएसटीचं रजिस्ट्रेशन मागे लागेल ते वेगळं.

सहकारी म्हणतात ना की नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शनच नाही तर राहिलंय काय, ते अर्धं खरं आहे. ते ११ हजार राहिलेत. ५८ व्या वर्षापर्यंत १९ वर्षं फक्त तेवढेच, एक रुपया न वाढता, ९ टक्क्यांनी धरले (हमी कुणीच देत नाही, अंदाज आहे) तर ६५ लाखांच्या आसपास होतात. क्लासला गेलात तर हे पैसे तुम्हाला स्वतःच्या खिशातून एसआयपीत टाकावे लागतील आणि खरं सांगतो, खिशातून टाकायचे पैसे महिन्याअखेर उरत नाहीत.

दुसरी गोष्ट जी मला जास्त खटकली. तुमच्याकडे बाजूला फक्त १ लाख २० हजारांची एफडी आहे कारण घणसोलीच्या फ्लॅटचा ताबा घेताना बाकी सगळं गेलं. घरखर्च, ३८ हजारांचा हप्ता, मुलीची शाळा आणि सासूबाईंची औषधं धरून महिन्याला १ लाख जातात, मिस्टरांचा पगार ४५ हजार. क्लासने दोन महिने पैसे थकवले तर हप्ता कुठून? आणि अनुदानित जागा एकदा सोडली की परत मिळणं किती अवघड ते तुम्ही तासिकेवर दोन वर्षं काढून बघितलंयत.

म्हणून माझं मत, या लेटरवर राजीनामा देऊ नका. पण क्लासला नाही म्हणून मोकळ्याही होऊ नका, कारण नीटमध्ये ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे असतात आणि चांगल्या बायोलॉजी टीचरची किंमत क्लासवाल्याला पक्की माहीत असते. त्यांना सांगा फिक्स महिना दीड लाख द्या, मेडिक्लेम द्या आणि मधेच काढलंत तर तीन महिन्यांचे पैसे द्यायचे हे लेखी द्या. तुमच्याकडे महिन्याला ३० हजार उरतात, ते वीसेक महिने लिक्विड फंडात (लागतील तेव्हा पटकन काढता येणारा म्युच्युअल फंड) टाकले की सहा महिन्यांचा खर्च उभा राहतो, मग हाच प्रश्न वेगळ्या जागेवरून बघता येईल.

तोवर बिनपगारी रजा टाकून क्लासला शिकवून बघायचा जो विचार लिहिलाय तो मनातून काढून टाका, रजेवर असताना दुसरीकडे नोकरी चालत नाही, कायमची जागा धोक्यात येईल. पुढे कधी सोडलीतच तर कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस असते, ती बारावीच्या मुलांचं वर्ष सांभाळून द्या. आणि एनपीएस बंद करून पैसे काढू नका, मुदतीआधी बाहेर पडलं तर किमान ८० टक्क्यांची ॲन्युइटी (पैसे भरून विकत घेतलेली पेन्शन) घ्यावी लागते, प्रान नंबर (एनपीएसचा खाते क्रमांक) तोच ठेवून पुढे स्वतः भरता येतं.

शेवटी तुम्ही लिहिलंयत की दर हिवाळ्यात मुलांना ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो आणि खारफुटी दाखवायला नेता आणि क्लासमध्ये ते जमणार नाही. त्याचा आकडा मी काढू शकत नाही, पण मिस्टरांबरोबर बसाल तेव्हा हेही त्यांच्यासमोर ठेवा. क्लासने नवीन लेटर दिलं तर सही करायच्या आधी मला पाठवा, मी परत हिशोब मांडून देतो.