ना धड पिपेट, ना धड पायथन

"मॅडम, मी ना धड…" इतकं कानावर आलं की पुढचं वाक्य आता मी मनातच पूर्ण करते: ना धड प्रयोगशाळेतली, ना धड कोडिंगमधली. जीवशास्त्रात पीएचडी झालेली, तिशीच्या उंबरठ्यावरची मुलं. पेशींच्या प्रतिमांवर मशीन लर्निंग वापरायचं, अशी एखादी पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाची जागा निघते. जाहिरात पाठ होईपर्यंत वाचतात आणि अर्ज मात्र राहून जातो.

सायली (नाव बदललंय) त्यातलीच. पीएचडी पुण्यात, जागा जर्मनीत हायडेलबर्गला, मुदत पाच आठवडे. "कोडवाली पोरं माझ्या दहा वर्षं पुढे आहेत. आई म्हणते तेच खरं, एक ना धड भाराभर चिंध्या." मग २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा विषय निघाला. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीनं प्रथिनांच्या रचना वर्तवल्या, ती घडवणाऱ्या हसाबिस आणि जम्पर यांना बक्षीस मिळालं, "आता आमच्यासारख्यांना काय उरलं?" जम्पर यांची पीएचडी कोडिंगमधली नव्हे, थिअरॉटिकल केमिस्ट्रीतली आहे, हे मला माहीत होतं. बोलले नाही. घाबरलेल्या माणसाला मोठ्यांचे दाखले दिले की तो आणखी आक्रसतो.

मी समुपदेशक, तीही विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या, म्हणजे मनातले 'हवंच'चे हट्ट तपासणाऱ्या पठडीतली, त्यामुळे माझे कान 'च'वर असतात. तिची वाक्यं अशी: दोन्ही यायलाच हवं, पहिल्याच दिवशी यायला हवं.

"'च' काढून म्हण."

"दोन्ही आलं तर बरं." थोडं थांबून, "पाणचट वाटतंय."

"वाटू दे."

दोन बैठका याच्यातच गेल्या. तिसऱ्या वेळी मी भविष्याचा विषयच बाजूला ठेवला आणि विचारलं, "लॅबमध्ये शेवटचं भांडण कशावरून झालं?"

ती खुलली. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी प्रतिमांवरून ओळखणारं संगणकी मॉडेल सहकाऱ्यानं बनवलं होतं. अचूकता ९० टक्क्यांच्या वर, सगळे खूश. हिला मात्र पटेना. पेशी वाढवायच्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ३६ खळगे कडेचे. इन्क्युबेटरमध्ये तिथलं द्रव आधी उडतं, पेशी वेगळ्या दिसतात. औषध न दिलेल्या पेशी नेमक्या पहिल्या आणि बाराव्या उभ्या रांगेत, म्हणजे कडेला. मॉडेल औषध ओळखतच नव्हतं, कड ओळखत होतं. तिनं जागा अदलाबदल करून प्लेट पुन्हा लावली आणि अचूकता धाडकन पडली.

"त्याला का नाही कळलं?"

"त्यानं प्लेट कधी हातात धरली नाही ना."

"आणि तुला मॉडेलवर संशय कसा आला?"

"थोडं कोड वाचता येतं म्हणून…" ती गप्प झाली. मीही. गोधडीचा दाखला अगदी जिभेवर आला होता, गिळला. पंचवीस वर्षांत मी काही शिकले असेन तर हेच, की अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडू नये. दोनेक मिनिटांनी ती म्हणाली, "चिंध्या नव्हत्या ना त्या?"

अशा प्रत्येकाला मी पुढचं काम तेच देते. जाहिरातीतलं 'आवश्यक' आणि 'असल्यास उत्तम' वेगवेगळ्या रंगांनी रंगवा. भीती बहुधा दुसऱ्या रंगात सापडते. 'मी अर्धवट आहे' ही माहिती नाही, शिवी आहे. 'मला न्यूरल नेटवर्क शून्यातून लिहिता येत नाही' ही माहिती आहे, आणि माहितीवर काम करता येतं. अख्खा कोर्स नंतर. आधी स्वतःच्याच शंभर पेशींच्या कडा हातानं आखा, त्याच प्रतिमा पेशींच्या कडा आपोआप आखणाऱ्या सेलपोजसारख्या मोफत साधनाला द्या, आणि ते कुठे चुकतं ते लिहून ठेवा. कुठे चुकलं हे कळतंय, म्हणजे तुम्हाला काहीतरी येतंय. आणि घरच्यांना लगेच पटवायला जाऊ नका. सायलीच्या आईला अजून पटलेलं नाही.

शेवटच्या बैठकीत तिनं अर्जाचं पत्र दाखवलं. पहिल्याच परिच्छेदात कडेच्या खळग्यांची हकीकत होती. खाली लिहिलं होतं, कोडिंग येतं, पण सावकाश. मी म्हटलं, तो 'पण' काढ.

"राहू द्या मॅडम, खरंय ते," म्हणाली, आणि माझ्यासमोरच अर्ज पाठवून दिला.