माई, संमोहनात माझ्या तोंडून ते निघून गेलं तर?

पत्र

माई, नमस्कार. मी ३४ वर्षांची. माहेर पेडणे तालुक्यात, सासर म्हापशाला, नोकरी पणजीत. चार वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ पावसाच्या पाण्याने भरलेल्या चिरेखाणीत बुडाला. तेव्हापासून एकच स्वप्न पडतं. मी खाणीच्या काठावर पालथी पडलेय, त्याचा हात माझ्या हातात आहे आणि तो निसटतो. आधी महिन्यातून एखाद्या वेळी पडायचं, गेल्या वर्षभरात आठवड्यातून तीन-चारदा. पहाटे चारच्या सुमारास ओरडत उठते, पुढे झोप नाही. चवथीला माहेरी जातानाही तो रस्ता टाळून लांबून जाते. गेल्या वर्षी छातीत धडधडायचं म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली, ती चालू आहे. आईने देवळात कौल लावला. भावाचा जीव अडकलाय, म्हणते. नणंदेने एका संमोहन उपचारवाल्यांचं नाव काढलंय. त्यांच्या मते मूळ मागच्या जन्मात आहे. दहा बैठका, पैसे आगाऊ. नवरा म्हणतो, पणजीत जुन्या सचिवालयाजवळचा संमोहनवाल्या आबे फारियाचा पुतळा बघ, त्याच्या उगारलेल्या हातांपुढे ती बाई कशी कोसळलीय, तुझंही तसंच करतील. माझी भीती वेगळी आहे. त्या दिवशी भावाचा फोन आला होता, मी उचलला नव्हता. घरात कोणालाच ठाऊक नाही. संमोहनात माझ्या तोंडून ते निघून गेलं तर?

– तुमची एक वाचक

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माईचं उत्तर

बाय, तुझ्या पत्रातली एक कामाची गोष्ट तू जाता जाता लिहिलीयस, म्हणून आधी तीच घेते. धडधडीची गोळी. या तक्रारीवर सर्रास दिली जाणारी औषधं म्हणजे प्रोप्रानोलोल किंवा मेटोप्रोलोल, बीटा ब्लॉकर गटातली. त्यांनी काही जणांना फार ठळक, भीतिदायक स्वप्नं पडतात. तुझं स्वप्न वर्षभरात वाढलं आणि गोळीही वर्षभराचीच. योगायोग असू शकेल. पण पाकिटावरचं नाव बघ आणि ज्यांनी ती दिली त्यांना स्वप्नांचं सांग. आपल्या मनाने मात्र बंद करू नकोस; ही औषधं एकदम तोडली तर हृदयाला त्रास होऊ शकतो. कौलापासून मागच्या जन्मापर्यंत सगळं झालं आणि औषधाचं पाकीट कोणी उलटून पाहिलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. आपल्या घरांत असंच चालतं.

आता तुझा खरा प्रश्न. संमोहनात माणूस बेशुद्ध नसतो. बाहेरचा हॉर्न त्याला ऐकू येतो, नको वाटलं तर डोळे उघडून उठता येतं, आणि जे सांगायचं नाही ते न सांगण्याची मुभा त्याच्याकडेच राहते. गुपित ओढून काढणारं ते यंत्र नव्हे. आणि खरं सांगू? फोनची गोष्ट तू मला लिहून टाकलीस, कोणी संमोहित न करता. ती बाहेर यायला वाट शोधतेय.

नवऱ्याला त्या पुतळ्याची भीती वाटते, यात त्याचा दोष नाही. शिल्पकाराने तो क्षणच तसा नाट्यमय घडवलाय. पण आबे फारिया हा आपल्या कांदोळीचा, १७५६ साली जन्मलेला. पॅरिसमध्ये लोकांसमोर त्याने जे मांडलं ते पुतळ्यातल्या दृश्याच्या उलट आहे. त्याच्या आधी मेस्मर नावाचा वैद्य आणि त्याचे अनुयायी सांगत की उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय प्रवाह निघून रोग्यात शिरतो. फारिया म्हणाला, असला काही प्रवाह नाही. जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेतून आणि सूचना स्वीकारण्यातून. आजही जाणकार साधारण त्याच बाजूचे आहेत. म्हणून संमोहन एकावर चटकन चालतं, दुसऱ्यावर जवळजवळ नाहीच. तेव्हा नवऱ्याला सांग, उगारलेल्या हातांत काही नाही.

मग स्वप्नावर त्याचा उपयोग काय? पहाटे चारला जाग येणं आणि स्वप्न लख्ख आठवणं, ही दुःस्वप्नाची खूण आहे. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. (काही जण झोप लागल्यावर तासा-दोन तासांतच किंचाळतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही, तो प्रकार निराळा.) अशा स्वप्नांवर सगळ्यात भरवशाची मानली जाणारी पद्धत अगदी साधी आहे आणि जागेपणी करायची आहे. दिवसाउजेडी स्वप्न कागदावर लिहायचं. मग ते हवं तसं बदलायचं. कसंही. पाणी आटून गुडघाभर होऊ दे, भाऊ स्वतः चिऱ्यांच्या पायऱ्या चढून येऊ दे, नाहीतर तिथे खाणच नसू दे, काजूची बाग असू दे. खरं वाटलं पाहिजे अशी अट नाही. मग हे बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. नाटकाची तालीम करतात तसं. प्रयोगाच्या वेळी तोंडात तेच शब्द येतात. पुष्कळ जणांना काही आठवड्यांत फरक पडतो.

संमोहन उपचार इथे मदतीला येतो. शरीर सैल सोडून, मन एका जागी आणून हीच तालीम केली की चित्र जास्त ठसतं, आणि चांगला उपचारक ते तुला घरी स्वतःचं स्वतः करायलाही शिकवतो. अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली तालमीच्या पद्धतीची शिफारस केली आणि संमोहनाला ‘वापरता येईल’ अशा उपचारांत जागा दिली. म्हणजे दुसऱ्या पायरीवर. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेत चालणारे, दुःस्वप्नं पडणारे अशा ३६ जणांना संमोहनाच्या एक-दोन बैठका दिल्या होत्या. पाच वर्षांनंतरही सुमारे ४० टक्के लोक बरे किंवा बरेच सुधारलेले होते. आकडा चांगला आहे, चमत्काराचा नाही. पण बैठका किती ते पाहिलंस ना?

मागच्या जन्माचं मात्र मला अजिबात पटत नाही. तुझ्या स्वप्नाचं मूळ या जन्मात आहे, पेडण्यात आहे, चार वर्षांपूर्वीच्या एका दिवसात आहे. ‘खोल जा, आठव, काय दिसतंय’ असं खोदून विचारलं की मन न घडलेल्या आठवणीही रचून देतं, आणि नंतर त्या खऱ्याच वाटू लागतात. ज्या बाईच्या मनात आधीच ‘माझ्यामुळे गेला’ असं बसलंय, तिच्या हाती आणखी एका जन्माचं पाप कशाला द्यायचं?

आणि रस्ता टाळण्याचं तू लिहिलंस ते मला स्वप्नाहून मोठं वाटतं. आघात झाला की माणूस त्याची जागा, वास, वाट टाळू लागतो, आणि टाळण्यानेच तो आघात ताजा राहतो. यावर वेगळे, नीट तपासलेले उपचार आहेत. म्हणून पहिली फेरी बांबोळीला मार. गोवा मेडिकल कॉलेजजवळच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, बाह्यरुग्ण विभाग आहे. कोणी बघेल म्हणून संकोच वाटत असेल तर १४४१६ वर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत. तिथे स्वप्न, गोळी, रस्ता आणि फोन, चारही सांग. संमोहन करावंसं वाटलं तर मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडूनच कर, आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नकोस. घोरण्याचा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे का, हेही नवऱ्याला विचारून जा. त्यानेही स्वप्नं बिघडतात.

आईशी वाद घालू नकोस. तिचाही मुलगा गेलाय. तिला गाऱ्हाणं घालून बरं वाटत असेल तर घालू दे, तूही हात जोड. फक्त ‘तो रागावलाय, अडकलाय’ हे तिचं म्हणणं आपल्या उशाशी घेऊ नकोस.

फोनचं आधी नवऱ्याला सांग. रात्री नको, पहाटेच्या जागरणात तर नकोच. रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. न उचललेले फोन सगळ्यांच्याच मोबाईलमध्ये असतात. तो उचलला असतास तर काय झालं असतं, हे तुला कोणीच सांगू शकणार नाही, संमोहनवालाही नाही.

दहा बैठकांचे पैसे भरले नसशील तर भरू नकोस. भरले असतील तर परत माग, आणि कुरकुर झाली तर नणंदेला पुढे कर. ओळख तिची आहे.

– माई