नामानाचं ‘मला वाटलं होतं’

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र मिळालं. ‘चर्चला जाणं सोडलंय, पाळकांना सांगू नका’ असं लिहिलंस. नाही सांगितलं. तुझ्या आईला मात्र न सांगताच कळलेलं दिसतं.

बाबांसाठी मंडळीनं तीन दिवस उपास-प्रार्थना केली, तरी ते गेले. मातीच्या दिवशी कुणीतरी तुला म्हणालं, “विश्वास कमी पडला.” कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे. माणूस वाईट नाही, पण गप्प बसायला हवं होतं त्यानं. बायबलमधला ईयोब सगळं गमावून बसला, तेव्हा भेटायला आलेले त्याचे मित्र निदान पहिले सात दिवस तरी काही बोलले नाहीत. मग तोंड उघडलं आणि घात केला. शेवटच्या अध्यायात परमेश्वर रागावतो तो या मित्रांवर. देवाचीच वकिली करणाऱ्यांवर! आणि जो त्याच्याशी कडाकडा भांडला, त्या ईयोबाला ‘माझा सेवक’ म्हणतो. संडे स्कूलमध्ये आम्ही हे शिकवत नाही. उंट-मेंढरं दुप्पट मिळाली, एवढंच सांगून मोकळे होतो. चूक आमची.

तुझ्या वयात माझा देव म्हणजे मुनीम होता. जमा-खर्च लिहिणारा, एक पैसा न सोडणारा. मी तेव्हा नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मोकळ्या जागेवर, हिशेब लिहायचो, त्यामुळे देवही तसाच सुचला असेल. एका रविवारी उपासना बुडवून गाडी भरायला गेलो आणि त्याच आठवड्यात अवकाळी आला. ताडपत्र्या पुरेनात. रात्री बॅटरीच्या उजेडात ओली मिरची उचलत होतो; नाकाला रुमाल बांधूनही ठसका थांबेना, सगळ्यांचे डोळे वाहत होते. रडतंय कोण आणि झोंबतंय कुणाला, काही कळत नव्हतं. खालचा थर तर दोन दिवसांत काळा पडला. मी मनात पक्कं केलं, ही माझ्या रविवारची शिक्षा.

चार दिवसांनी नवापूरकडचा मावसभाऊ आला. खुशीत. त्याच पावसानं त्याचा हरभरा तरला होता. हा गडी वर्षानुवर्षं चर्चची पायरी न चढलेला! नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पडतो, हे मत्तय ५:४५ मला लहानपणापासून पाठ. पण पाठ असलेलं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. आणि लाजही वाटली. एका माझ्यासाठी देवानं गावभरची मिरची भिजवावी, एवढा मी कोण लागून गेलो?

मुनीम त्या दिवशी गेला असं नाही हं. अजूनही अधूनमधून चोपडी घेऊन बसतो.

आता एक काम सांगतो. बायबलमधलं २ राजे, ५वा अध्याय काढ. नामान सेनापती, कोड झालेला, घोडे-रथ घेऊन अलीशा संदेष्ट्याच्या दारात उभा. अलीशा बाहेरसुद्धा येत नाही. निरोप धाडतो, यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान संतापतो. काय म्हणतो बघ: मला वाटलं होतं तो बाहेर येईल, उभा राहील, देवाचं नाव घेईल, कोडावरून हात फिरवील. बरं होण्याचा सगळा कार्यक्रम त्यानं घरूनच ठरवून आणला होता. वर पुन्हा, आमच्या दिमिष्कच्या अबाना-परपर नद्या काय वाईट? आपल्याकडचा माणूस तापीसाठी असाच भांडेल. बिचारा परतच निघाला होता, चाकरांनी समजावलं म्हणून थांबला.

एका वहीत ‘मला वाटलं होतं’ असं लिही आणि पुढे जे येईल ते येऊ दे. बाबांचं, त्या माणसाचं, माझंही. खाडाखोड करू नकोस. सुंदर भाषेत तर अजिबात नको, ती रविवारी माझ्या प्रार्थनेत भरपूर असते. फक्त एक सांभाळ. जुना देव नको म्हणून कधी न रागावणारा, काही न मागणारा, आपल्या सोयीचा दुसरा घडवू नकोस. लोकांनी मागितला म्हणून मोशेच्या भावानं, अहरोनानं, सोन्याचं वासरू देव म्हणून घडवलं आणि त्यापुढे सण जाहीर केला, तोही परमेश्वराच्याच नावानं.

बाबा का गेले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आपला मित्र लाजरस याच्या कबरेपाशी येशू रडला, एवढं मी वाचलंय. त्याच्यापुढे मला जाता येत नाही.

नाताळला येशील तेव्हा वही आण. वाचून दाखवायची सक्ती नाही. पथारीवर एक चक्कर मारू. मिरची तेव्हा पसरलेली असते. रुमाल मात्र आठवणीनं घे.

तुझा,
काका