'वाजवी काळजी' म्हणजे नेमकी किती?

प्रिय विद्यार्थिमित्रा,

तुझं पत्र पोचलं. कायदा या विषयातल्या मुख्य संज्ञेलाच एकक नाही, मग तो इंजिनिअरने का शिकायचा, असं विचारलं आहेस. ताण मेगापास्कलमध्ये मोजतात, 'वाजवी काळजी' कशात मोजायची? प्रश्न खरा आहे, म्हणून सवडीने उत्तर लिहितो आहे.

लांब पुलाच्या दोन तुळयांमध्ये आपण मुद्दाम फट ठेवतो. ती ठेवली नाही तर तापमान वाढल्यावर पूल स्वतःलाच रेटतो. कायदा लिहिणाऱ्यांना पन्नास वर्षांनंतरचं यंत्र माहीत नसतं, तरी त्यांचं वाक्य त्या यंत्रालाही लागू व्हायला हवं असतं. 'वाजवी' हा शब्द म्हणजे अशी राखलेली फट आहे. जिथे आकडा देता येतो तिथे कायदा आकडाही देतो. त्यासाठी तो बहुतेक वेळा तुमचीच मानकं उचलतो. एरवी शिफारस असलेलं मानक नियमात किंवा करारात शिरलं, की ते बंधनकारक होतं. त्यामुळे करार वाचताना संदर्भ मानकांची यादी सोडू नकोस. तुझ्यावरची निम्मी बंधनं तिथेच असतात.

आता तुला आवडेल असं सांगतो. जानेवारी १९४४ मध्ये न्यूयॉर्क बंदरात पिठाने भरलेला एक बार्ज (मालवाहू सपाट बोट) दोर सुटून वाहत गेला, एका टँकरवर आदळला आणि बुडाला. दोर हाताळताना चूक दुसऱ्यांची झाली होती. पण बार्जवर असायला हवा तो माणूस २१ तास जागेवर नव्हता. तो असता तर गळती कळली असती. मग बार्जच्या मालकाचाही दोष धरायचा का? १९४७ च्या निकालात अमेरिकी न्यायाधीश लर्नेड हँड यांनी चक्क बीजगणित मांडलं. अपघाताची शक्यता गुणिले होणारं नुकसान, आणि दुसऱ्या बाजूला तो टाळण्याचा खर्च. खर्च या गुणाकारापेक्षा कमी असूनही तुम्ही तो केला नाही, तर तो निष्काळजीपणा. युद्धकाळ, गजबजलेलं बंदर, दिवसाची कामाची वेळ, यामुळे शक्यता मोठी होती. माणूस बार्जवर ठेवण्याचा खर्च छोटा होता. मालकाला नुकसानीचा वाटा उचलावा लागला.

हे सूत्र मला मोलाचं वाटतं, पण त्यावर आंधळेपणाने विसंबू नकोस. खर्च वाचणार एकाचा आणि जीव जाणार दुसऱ्याचा, अशा ठिकाणी नुकसानीचा आकडा आपणच ठरवून मोकळं होणं मला मान्य नाही.

'सगळे असंच करतात' हे उत्तर तुला नोकरीत पुष्कळदा ऐकू येईल. १९२८ च्या मार्चमध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ वादळात कोळशाचे दोन बार्ज बुडाले. हवामानाचे इशारे रेडिओवरून दिले जात होते, पण हे बार्ज ओढणाऱ्या टगबोटींवर चालू स्थितीतला रेडिओ नव्हता. तो ठेवण्याची सक्ती नव्हती, बहुतेक मालक ठेवतही नव्हते. तरीही १९३२ मध्ये याच न्यायाधीशांच्या कोर्टाने टगबोटींना दोषी धरलं. संबंध धंदाच मागे राहिलेला असू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

अर्धशतकानंतर तोच बचाव पुन्हा पुढे आला. १७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीतल्या हायट रीजन्सी हॉटेलच्या दालनात छताला टांगलेले दोन पादपूल खालच्या गर्दीवर कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतातून निघालेले अखंड रॉड एकाखाली एक असलेल्या दोन्ही पादपुलांमधून खाली जाणार होते. बांधणीच्या सोयीसाठी प्रत्येक रॉडचे दोन झाले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलाच्या आडव्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत. पेन्सिल घे आणि वरच्या तुळईखालच्या नटावरचे भार मांड. आधी त्याच्यावर एका पुलाचं वजन येत होतं, आता दोघांचं आलं. हे पहिल्या वर्षाचं गणित आहे! आणि मूळ जोडसुद्धा बांधकाम संहितेला हवा तेवढा मजबूत नव्हता.

बदल दाखवणाऱ्या शॉप ड्रॉइंगवर (सुटे भाग बनवण्यासाठीच्या तपशीलवार आराखड्यावर) इंजिनिअरच्या कार्यालयाचा शिक्का होता. चौकशीत इंजिनिअर म्हणाले, की जोडांची रचना फॅब्रिकेटरने, म्हणजे पोलादी भाग बनवणाऱ्याने करायची, अशी या व्यवसायात रूढी आहे. ते मान्य झालं नाही. काम वाटून देता येतं, जबाबदारी देता येत नाही, असं ठरलं आणि जबाबदार इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले. फौजदारी शिक्षा कुणालाही झाली नाही, भरपाईचे दावे निराळे चालले. एकाच नटाची झडती परवाना, फौजदारी आणि भरपाई अशा तीन वेगवेगळ्या दारांतून घेतली जाते, हे यातून लक्षात घे.

हे वाचलं की मला माझ्या उमेदीतला एक दिवस आठवतो. एका वेल्डची जागा बदलायला मी फोनवर होकार दिला आणि तो कुठेच नोंदवला नाही. पडलं काहीच नाही. पण वर्षभराने कुणी कारण विचारलं, तेव्हा माझ्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक बदल तारीख, कारण आणि हिशोबासह लिहून ठेवतो.

अजून एक प्रकार आहे, तिथे काळजी किती घेतली हे विचारतच नाहीत. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड होता. घर पडलं का, एवढाच प्रश्न. ही क्रूर शिक्षा गेली, पण तो प्रश्न मर्यादित रूपात परत आला. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाच्या नव्या तलावाचं पाणी जुन्या बुजलेल्या खाणीतून शेजाऱ्याच्या खाणीत घुसलं. मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नसतानाही १८६८ मध्ये तो जबाबदार ठरला. डिसेंबर १९८६ मध्ये ओलियम (तीव्र सल्फ्युरिक आम्ल) वायुगळतीच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की घातक उद्योग चालवणाऱ्याला जबाबदारीतून सुटायला कोणताही अपवाद मिळणार नाही. दाब, विष, स्फोटक किंवा साठवलेलं पाणी, यांच्याशी काम करशील तेव्हा हे दोन्ही खटले मूळातून वाच.

या सत्रातल्या तुझ्या प्रकल्पाचं एक ड्रॉइंग घे. त्यातल्या ज्या एका जोडावर तुझा सर्वांत कमी भरवसा आहे, त्याच्यासाठी शक्यता, नुकसान आणि उपायाचा खर्च मांड. शक्यतेचा आकडा कुठून घेतलास तेही लिही, आणि पान मला पाठव.

तुझा,
एक जुना इंजिनिअर