संगणक एक, विंडोज तीन; परवाने किती?

प्रश्न: मी कोपरखैरण्याला घरूनच जीएसटीची विवरणपत्रं भरून देते. डेस्कटॉपसोबत विंडोज ११ आलं होतं. नंतर तंत्रज्ञाने दुसरी डिस्क बसवून मुलासाठी तिच्यावरही विंडोज ११ टाकलं, आणि हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आतच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, विंडोज १०. तिन्हींवर ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसतं. आता परवाने तपासणाऱ्या एका कंपनीचा ईमेल आलाय, इन्स्टॉलेशनचा तक्ता भरून मागणारा. मशीन एकच असताना गुन्हा कसला?

उत्तर: ताई, ॲक्टिव्हेट झालं म्हणजे परवाना मिळाला, असं होत नाही. विंडोज ११चा डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी, जोडलेला असतो. म्हणून त्याच मशीनच्या दुसऱ्या डिस्कवरची तशीच प्रत आपोआप ॲक्टिव्हेट होते. विंडोजच्या वापराचा करार मात्र एका उपकरणावर एकाच प्रतीची मुभा देतो, आणि व्हर्च्युअल मशीनलाही स्वतंत्र उपकरण धरतो.

मला खरी काळजी त्या विंडोज १०ची वाटते. व्हर्च्युअल मशीनचं हार्डवेअर वेगळं असतं, त्यामुळे डेस्कटॉपचा परवाना तिथे आपसूक लागू होत नाही. मग ते ॲक्टिव्हेट कसं झालं? तंत्रज्ञाने ‘की’, म्हणजे ॲक्टिव्हेशनचा कोड, विकत घेतली असेल तर तिची पावती मागा. क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवायच ॲक्टिव्हेट करणारा प्रोग्राम, वापरला असेल तर ते विंडोज १० आजच बंद करा. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. तुमच्या व्यवसायाच्या कामाला ही सवलत नाही. आजवर तुम्हाला हे माहीत नव्हतं, ही तुमची भक्कम बाजू आहे. यापुढे ती राहणार नाही. बॅकअपची प्रत ठेवायला कलम ५२ परवानगी देतं, पण रोज वापरात असलेली प्रत बॅकअप ठरत नाही.

मुलासाठी दुसरं विंडोज लागतच नाही. तुमच्याच विंडोजमध्ये त्याचं वेगळं खातं उघडा. एका वेळी एकानेच वापरायचं, एवढी अट पाळा. वेगळी डिस्क हवीच असेल तर तिच्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका, तिला ‘की’ही लागत नाही आणि पैसेही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे, तेव्हा अशिलांची माहिती तिथून काढून घ्याच. जुनं सॉफ्टवेअर ११वर चालतं का, तेही पाहा.

काहीही पुसण्याआधी स्क्रीनचे फोटो, बिल आणि तंत्रज्ञाचे व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. ईमेलमधली लिंक उघडू नका, तक्ता घाईने भरू नका. मूळ कंपनीने, म्हणजे मायक्रोसॉफ्टने, त्यांना दिलेलं अधिकारपत्र मागा. खोटं मात्र काही लिहू नका. खासगी कंपनीला न्यायालयाच्या आदेशाशिवाय तुमच्या घरात शिरून तपासणी करता येत नाही. पोलिसांना मात्र बेकायदा प्रती जप्त करण्याचा अधिकार आहे. पोलिसांकडून काही आलं तर उत्तर देण्याआधी वकील गाठा.

तंत्रज्ञाने अस्सल म्हणून पैसे घेतले असतील तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार करता येते. स्वयंरोजगारातून पोट भरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच असते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहा. तिथे भागलं नाही तर बेलापूरच्या कोकण भवनातल्या आयोगाकडे जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारावर तक्रारीचं शुल्क नाही.