हँडेलच्या 'ज्यूलिओ चेझारे'त 'पारंपरिक' म्हणजे नेमके काय?

आपला प्रश्न अठराव्या शतकातील संगीतकार हँडेल यांच्या सीझर-क्लिओपात्रावरील ऑपेराविषयी आहे. आपण विचारता की, इंग्लंडमधील ग्लाइंडबर्न ऑपेरा महोत्सवाच्या २००५ सालच्या प्रयोगात सीझर ब्रिटिश लष्करी गणवेशात वावरतो आणि क्लिओपात्रा हिंदी चित्रपटातल्यासारखी नाचते, ही हँडेलशी प्रतारणा नव्हे का. आणि नवख्या रसिकाने आधी पारंपरिक प्रयोग पाहावा का.

प्रथम पोशाखाविषयी. हा ऑपेरा १७२४ साली लंडनच्या हेमार्केटमधील किंग्ज थिएटरमध्ये रंगभूमीवर आला, तेव्हा इतिहासाला धरून वेशभूषा करावी अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातील, रंगभूमीवर नायक रोमन असो वा पर्शियन, त्याच्या अंगावर शैलीबद्ध चिलखत आणि डोक्यावर पिसांचा तुरा असे. नायिका तर त्या काळच्या दरबारी झग्यातच येत. ज्याला आपण पारंपरिक म्हणतो ते हुबेहूब प्राचीन रोम बरेच नंतरचे, मुख्यतः एकोणिसाव्या शतकातले आहे. शिवाय सीझरची भूमिका सेनेसिनो या कास्त्रातो, म्हणजे बालपणीच खच्ची करून उंच आवाज राखलेल्या, गायकासाठी लिहिलेली होती. तो आवाज आज कोठूनही आणता येणार नाही. म्हणून ती भूमिका एखादी गायिका किंवा काउंटरटेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक, करतो; ग्लाइंडबर्नला ती सेरा कॉनली यांनी केली.

जुन्या पद्धतीचे यंत्र-नेपथ्य पाहायचे असेल तर स्वीडनमधील ड्रॉटनिंगहोल्म राजवाड्याचे नाट्यगृह आहे. ते १७६६ सालचे असून त्याची लाकडी यंत्रणा अजून चालते. रंगमंचाखालचे मोठे चाक माणसे फिरवतात आणि दोन्ही बाजूंचे रंगवलेले फ्लॅट (देखाव्याचे सपाट फलक) प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, पडदा न पाडता, काही सेकंदांत बदलतात. मागे पिळाच्या आकाराचे निळे लाकडी दंड आडवे बसवलेले आहेत. ते फिरू लागले की समुद्र हेलकावतो. आता ग्लाइंडबर्नची चित्रफीत पुन्हा लावून दिग्दर्शक डेव्हिड मॅकव्हिकर यांच्या प्रयोगातील नेपथ्याची मागची बाजू पाहा. तिथे त्याच जातीच्या लाटा फिरताना दिसतील, फक्त त्यांवर पुढे पुढे युद्धनौका येतात. ज्याला आपण आधुनिक म्हणून बाजूला सारता आहात, त्याच्या कण्यात बरोक रंगभूमीच आहे.

उलट, सतराव्या शतकातील फ्रेंच दरबारी संगीतकार लुली यांच्या 'आतीस' या ऑपेराचा दिग्दर्शक जॉं-मारी व्हिलेजिए यांनी १९८७ साली केलेला प्रयोग सतराव्या शतकाच्या वेशभूषेमुळे पारंपरिक म्हणून गौरवला जातो. पण त्यात देवतांना रंगमंचावर वरून उतरवणारी यंत्रे काढून टाकून सारे नाट्य एकाच शोकमग्न दालनात घडवले आहे. हा निर्णय जुना की नवा?

माझ्या मते प्रयोग जोखायची खरी जागा 'दा कापो' आरिया, म्हणजे पहिल्या भागाकडे परतणारे एकल गीत, ही आहे. पहिला भाग, वेगळ्या भावाचा दुसरा भाग, आणि मग पुन्हा पहिला, पण आता गायकाने आपल्या हरकतींनी सजवलेला. नाट्यपदावर वाढलेल्या कानाला हे परतणे परके वाटू नये. हे परतणे दिग्दर्शकाला ओझे वाटले की तो मागे नोकरांची धावपळ घडवतो आणि गाणाऱ्याकडे कोणाचे लक्षच राहत नाही. हा दोष मी रेशमी झग्यांच्या प्रयोगांतही पाहिला आहे. मॅकव्हिकर सीझरच्या 'वा ताचितो' या आरियामध्ये नेमके याच्या उलट करतात. शिकारी दबा धरून गुपचूप जातो, असे सीझर क्लिओपात्राचा भाऊ व इजिप्तचा राजा टॉलेमी याला ऐकवतो. वाद्यवृंदात हॉर्न हे शिकारीच्या शिंगासारखे वाद्य एकल साथ करते, आणि दोन्ही पक्ष दरबारी नाचाची पावले टाकत एकमेकांना अजमावतात. गाण्याची घडी हीच नाट्याची घडी होते.

क्लिओपात्राच्या नृत्याबाबत मात्र आपली अस्वस्थता मला पटते. ब्रिटिश गणवेशामुळे हा प्रेमाइतकाच परकीय सत्तेचा खेळ आहे हे स्पष्ट होते, आणि आपल्यासारख्या प्रेक्षकाला ते विशेष बोचते. पण इजिप्तच्या राणीला भारतीय चित्रपटनृत्याच्या अदा दिल्या की सारा पूर्व एकाच गाठोड्यात बांधला जातो. क्लिओपात्रा झालेल्या डॅनियल डी नीस यांचे गाणे आणि नाचणे कितीही लखलखीत असले तरी ही उणीव उरतेच.

तेव्हा आधी हा प्रयोग पाहावा की तो, याची चिंता करू नये. आधी डोळे मिटून 'वा ताचितो' दोनदा ऐकावे, पहिला भाग परततो तेव्हा सीझरच्या स्वरात काय बदलले ते टिपावे, आणि मग चित्रफीत लावून तो बदल दिग्दर्शकाला दिसला आहे का, ते पाहावे.