'दंडवत प्रणाम' मधला एकही शब्द काढू नका

प्रश्न : आमच्या गावी (जि. अमरावती) देवस्थानाच्या पत्रिकेवर 'सर्व सद्भक्तांना दंडवत प्रणाम' असं छापायचं आहे. एक जाणकार म्हणतात, दंडवत म्हणजेच प्रणाम, ही द्विरुक्ती झाली, एक शब्द काढा. शिवाय जुनी माणसं 'दंडोत' म्हणतात, ते अशुद्ध का?

उत्तर : काढू नका. ही द्विरुक्ती नाही, आणि हा सल्ला आता पुरे झाला.

'दंडवत' हे मुळात नामच नाही. संस्कृतातला 'वत्' प्रत्यय 'सारखं' एवढंच सांगतो. पूर्ववत म्हणजे पूर्वीसारखं, तसं दंडवत म्हणजे काठीसारखं. प्रणाम कसा? तर काठीसारखा. पुढे मराठीनं प्रणाम गाळला आणि 'कसा' सांगणारा शब्दच नाम करून टाकला. 'पूर्ववत घातलं' असं कोणी म्हणत नाही, 'दंडवत घातलं' मात्र सगळे म्हणतात. म्हणजे रिद्धपूरला महानुभाव मंडळी हात जोडून एकमेकांना 'दंडवत प्रणाम' म्हणतात, तो अख्खा प्रयोग आहे. तुटका आहे तो तुमच्या जाणकारांचा. भागवताच्या अकराव्या स्कंधातही (अध्याय 29, श्लोक 16) 'प्रणमेद् दण्डवद् भूमौ' असंच आहे : हसणाऱ्या सोबत्यांकडे न बघता, देहाची लाज सोडून, कुत्र्या-गाढवापर्यंत सगळ्यांना जमिनीवर काठीसारखा प्रणाम करावा.

काही कीर्तनकार सांगतात की दंड म्हणजे शिक्षा, 'देवा, मला दंड कर' म्हणून दंडवत. साफ चूक. मग 'वत्' चं काय करायचं? 'शिक्षेसारखा प्रणाम' म्हणजे काय? ऐकायला गोड लागतं म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही.

आता काठीच का, ते बघा. नमस्कार, नमन, नम्र हे सगळे 'नम्' चे, म्हणजे वाकण्याचे शब्द. काठी वाकत नाही. ओला फोक वाकतो आणि सोडला की पुन्हा ताठ होतो, पुष्कळांची नम्रता या जातीची असते. बैल हाकायची तुतारी, म्हणजे लांब काठी, घ्या. हातात आहे तोवर ती उभी, टोकाला आर (टोचायची अणी), बैलावर तिचा धाक. दांडगा, दंडेली, दंडाधिकारी हे सगळे याच उभ्या दंडाचे शब्द. तीच तुतारी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) टाकली की टोकापासून बुडापर्यंत मातीला लागते, आणि कोणी उचलल्याशिवाय उठत नाही. ती उभी होती तीही दुसऱ्याच्याच हातानं. माझ्या मते 'दंडवत' मध्ये नम्रता नाहीच, नम्रतेच्या पुढची गोष्ट आहे. ज्याला वाकता येत नाही अशा ताठ माणसासाठी हा प्रणाम आहे : वाकणं जमत नाही ना, मग अख्खा पड. धर्मानं ताठपणाची खूण घेतली आणि तिचाच प्रणाम केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'साष्टांग दंडवत' ही सुद्धा द्विरुक्ती नव्हे. एक शब्द अंगं सांगतो, दुसरा आकार. आठ अंगं म्हणजे छाती, डोकं, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात, गुडघे. यातली दृष्टी, मन आणि वाणी मातीला टेकतच नाहीत, आणि नेमकी तीच टेकवायला अवघड.

लोटांगण वेगळं. त्यात अंग लोळतं, दंडवतात लोळायचं नसतं. 'सरकारचं लोटांगण' असे मथळे देणाऱ्यांनी निदान लोळतं कोण ते तरी बघावं.

नवसाचं दंडवत घालत जाणारे काय करतात ते पाहिलं की काठी आणखी कळते. आधी गुडघे, मग तळहात, मग छाती, मग कपाळ. हात डोक्यापुढे सरळ, बोटांच्या टोकाशी खड्यानं रेघ. उठून पावलं त्या रेघेवर, पुन्हा पालथं. साडेपाच फुटी माणूस हात पसरून सुमारे सात फूट भरतो, म्हणजे किलोमीटरला 470 च्या आसपास दंडवतं. घाईत अंग एकदम टाकलं की गुडघे सोलतात. डांबर तापलं की तळहात भाजतात, म्हणून पहाटे निघायचं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे रेघेच्या पुढे पाऊल टाकणं, कारण तेवढी वाट चालून झाली, दंडवतानं नाही. आणि वेशीवर पोचून 'मी इतकी घातली' असा आकडा सांगितला की काठी पुन्हा उभी.

'दंडोत' राहिलं. 'अव' चा 'ओ' होणं ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे : लवणचं लोण, नवनीतचं लोणी. लोण्याला अशुद्ध म्हणत असाल तर दंडोतालाही म्हणा.

पत्रिकेत 'दंडवत' च्या 'त' चा पाय मोडू नका, मराठीत गरज नाही. आणि दोन शब्दांमध्ये स्वल्पविराम तर मुळीच नको. स्वल्पविराम पडला की 'काठीसारखा' एकीकडे आणि 'प्रणाम' दुसरीकडे, म्हणजे जाणकारांची द्विरुक्ती तुम्हीच छापून दिली. छापखाना तो हमखास घालतो, मुद्रित तपासताना तेवढी जागा आधी बघा.